वलवणच्या घरातली निळी तार

माझ्या आत्याच्या यजमानांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट मधूनच सुरू केली नाही. बाजारात कोथिंबीर मिळाली नाही एवढंच सांगायचं असलं, तरी ते घरात चपला घालण्यापासून सुरुवात करत. वलवणहून लोणावळ्याच्या बाजारात पोचेस्तोवर ऐकणाऱ्याचा चहा निवून जाई, आणि वाटेत कुणी कंटाळून कोथिंबिरीचं काय झालं असं विचारलंच, तर ते न रागावता पुन्हा चपलांपाशी जात. न्हाव्यानं डाव्या कानापासून कात्री लावली तरच ते खुर्चीत बसत. एकदा नव्या न्हाव्यानं उजवीकडून सुरुवात केली, तर ते तसेच उठले आणि एका बाजूनं भादरलेलं डोकं घेऊन महिनाभर गावात हिंडले. कुणी हसलं तर म्हणायचे, "चूक त्याची हाय, डोकं माजं हाय, तुजं काय हाय?"

आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, तेव्हा ते माझे मामा. तीसेक वर्षं ते रेल्वेच्या टेलिफोनच्या तारा सांभाळायला होते. लाइन बंद पडली की खांद्याला फोनची पेटी अडकवून रुळाच्या कडेनं चालत निघायचं, ठरावीक अंतरावर तारेला पेटी जोडून आवाज येतो का ऐकायचं, जिथं येत नाही त्याच्या आणि मागच्या जागेच्या मध्ये बिघाड, हा त्यांचा धंदा. त्यामुळे जगातला कुठलाही बिघाड एका टोकापासून चालत गेल्यावरच सापडतो, खुर्चीत बसून सापडत नाही, हे त्यांचं मत पक्कं होतं. घाटाकडच्या धुक्यात रूळसुद्धा दिसत नसताना ते तारेचे खांब हातानं चाचपत चालत. ते म्हणायचे, डोळे फसतात, तार फसवत नाही.

मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. हे मी मुद्दाम सांगतो, कारण सांगण्यासारखं आहे. वडील पवन मावळात भातशेती करतात, आई अजून अंगठा उठवते, आणि मी बी.एस्सी. कॉम्प्युटर होऊन वराळ्याजवळच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम बघतो. राहतो घोरावाडी स्टेशनच्या मागं. मामा मला नावानं कधीच हाक मारत नाहीत. "काय ग्रॅज्वेट" असं म्हणतात, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

त्यांच्याकडे कॉम्प्युटर आला तो माझ्यामुळं. कारखान्यातून काढून टाकलेलं एक जुनं मशीन मी रीतसर परवानगी घेऊन उचललं. त्यात विंडोज चालेना, म्हणून लिनक्स घातलं आणि मामांच्या मागच्या खोलीत नेऊन ठेवलं. माझ्या मनात होतं की चार दिवस भजनं ऐकतील आणि कंटाळतील. मामांना ते मशीन माझ्यापेक्षा जास्त आवडायला लागलं. आतेभावाचा लॅपटॉप अडला की पडद्यावर 'काहीतरी चुकलं' एवढंच लिहून यायचं, त्याचा त्यांना फार राग. "काहीतरी म्हंजे काय? आमी सायबाला असा रिपोर्ट दिला असता तर घरी बसवलं असतं." लिनक्स मात्र काळ्या पडद्यावर ओळीमागून ओळ सांगतं की किती वाजता काय झालं, कुठं झालं, कुणी करायला सांगितलं. इंग्रजी त्यांना कामापुरतं येत होतं. ते बोट ठेवून एकेक ओळ वाचत आणि मान डोलवत. हे मशीन खोटं बोलत नाही, असा निवाडा त्यांनी पहिल्याच आठवड्यात दिला.

वायफायला त्यांनी घरात घेतलं नाही. राउटर पुढच्या खोलीत, कॉम्प्युटर मागच्या. मी म्हटलं, हवेतून चालेल. मामा म्हणाले, "हवेवर इस्वास? आपल्याकडं चार म्हैने हवेत हात दिसत न्हाई सोताचा." मग त्यांनी निळी तार आणली आणि तीन दिवस खपून भिंतीवरून नेली. दर वितीवर एक खिळा, प्रत्येक वळणाला कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर. देवघरामागून जाणाऱ्या वळणाचा नंबर चार. आत्या तिथं उदबत्ती लावायची, तर तिनं ती एक वीत अलीकडे लावावी असं ठरलं. देवानं काही हरकत घेतली नाही.

नेट अडलं तर काय करायचं, याच्या पायऱ्या मी त्यांना एका दुपारी शिकवल्या. त्यांनी त्या वहीत उतरवल्या, आणि तो दिवस माझ्या आयुष्यातला शिकवण्याचा पहिला आणि शेवटचा दिवस ठरला, कारण त्यानंतर तेच मला शिकवू लागले. पहिली पायरी, तार खोचतो तिथला हिरवा दिवा लागलाय का. दुसरी, तारेची दोन्ही टोकं नीट बसलीत का. तिसरी, मशीनला राउटरकडून पत्ता, म्हणजे त्याचा नंबर, मिळालाय का. चौथी, राउटरला हाक मारली तर ओ येते का. पाचवी, बाहेरच्या जगाला हाक मारली तर ओ येते का. या हाक मारण्याला लिनक्समध्ये पिंग म्हणतात, आणि ओ यायला किती वेळ लागला हेही ते शेजारी लिहून दाखवतं. हे कळल्यावर मामांनी आत्याला मोजायला सुरुवात केली. मागच्या खोलीतून हाक मारायची आणि घड्याळ बघायचं. ती आली की सांगायचं, राउटर एका सेकंदाच्या हजाराव्या भागात ओ देतो, तुला सव्वा मिनिट लागलं. आत्या पिठाचे हात तसेच घेऊन म्हणाली, "मग भाकऱ्या पन त्यालाच थापायला सांगा."

पण मामांच्या सगळ्या तऱ्हांवर कळस चढवणारी तऱ्हा म्हणजे मेमो. रेल्वेत कुठलंही यंत्र उघडण्याआधी स्टेशन मास्तरला कागद द्यावा लागतो की मी अमुक गोष्ट तोडतोय. तो सही करतो. काम झालं की जोडल्याचा कागद, त्यावर पुन्हा सही. दुसरी सही होईपर्यंत ती वस्तू मेलेली धरायची. मामांनी हा कायदा रिटायर होताना घरी आणला. त्यांच्या घरात स्टेशन मास्तर आत्या. मोरीचा नळ उघडायचा तरी मेमो, पंख्याला तेल घालायचं तरी मेमो. चौथी शिकलेली आत्या पदराला हात पुसून सही करायची, कागद कॅलेंडरच्या खिळ्याला टोचायची, आणि तो तिथं लटकत असेपर्यंत दर पाच मिनिटांनी विचारायची, "जोडलं का?" मी एकदा न सांगता तार उपसून दुसऱ्या भोकात घातली, तर मामा माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. आत्या म्हणाली, मला विचारलं असतंस तर मी मागच्या तारखेची सही दिली असती.

रोज पहाटे साडेपाचला ते तार उतरवत. नुसती उपसत नसत. चालू लाइनीतून तार ओढायची नाही, म्हणून आधी मशीनला हुकूम लिहून जोडणी बंद करायची, मग तार काढायची, टोक कोरड्या फडक्यानं पुसायचं, परत खोचायची आणि जोडणीचा हुकूम लिहायचा. धरणाकाठच्या दमट हवेत टोकांना गंज चढतो हे त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मशीन आपोआप जोडून घेईल अशी सोय लिनक्समध्ये असते. ती त्यांनी माझ्याकडून बंद करून घेतली होती. ज्यानं तोडलं त्यानंच जोडायचं, मधे तिसऱ्यानं हात घालायचा नाही. या पुसापुशीला रोज मेमो, रोज दोन सह्या. पहाटेच्या अंधारात आत्याचं "जोडलं का" शेजारच्या घरापर्यंत ऐकू जायचं.

मागच्या वर्षी आत्या गेली. मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, वराळ्याला चौथ्या मजल्यावर राहतो. फोनवर ती शेवटच्या आठवड्यापर्यंत "बरी हाय" म्हणत राहिली आणि तो ते खरं धरून ड्यूटी करत राहिला. ते त्याच्या मनातून जात नाही. तेराव्यानंतर त्यानं वडलांना सांगितलं, इथं एकट्यानं राहायचं नाही, वराळ्याला चला. मामा म्हणाले, न्हाई. घर आहे, धरणाची भिंत दिसते, हातपाय चालतात. दोघंही हट्टी. शेवटी मी मध्ये पडलो आणि ठरलं असं, की रोज सकाळी सात वाजता मामांनी कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉलला बसायचं. नुसता आवाज चालणार नाही, तोंड दिसलं पाहिजे. लागोपाठ दोन दिवस तोंड दिसलं नाही, तर तिसऱ्या दिवशी गाडी येणार आणि घराला कुलूप लागणार. मामांनी ते वहीत लिहून घेतलं आणि मुलाला सही करायला लावली. म्हणजे त्या निळ्या तारेवर आता मामांचं घर टांगलेलं होतं.

वर्षभर चाललं. सातच्या ठोक्याला इस्त्रीचा शर्ट घालून मामा पडद्यापुढं, पलीकडे चहाचा कप घेऊन आतेभाऊ. दोघं फारसं बोलत नसत. एकमेकांना बघायचे आणि बंद करायचे.

मग एका गुरुवारी तोंड दिसलं नाही. शुक्रवारीही नाही. शुक्रवारी संध्याकाळी आतेभावाचा मला फोन आला. चिडलेला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाला, मी वडलांना फोन केला होता, ते बरा हाय म्हणतात. आईपण असंच म्हणायची. शनिवारी मला ड्यूटी आहे, रविवारी गाडी घेऊन जातो. तू उद्या जाऊन बघ. नेटचंच काही असेल तर मी आणखी थांबतो. बाकी काही असेल तर थांबणार नाही.

शनिवारी सकाळी घोरावाडीहून लोणावळ्याची गाडी धरली आणि वलवणला पोचलो. मामा दारातच उभे होते. दाढी वाढलेली. त्यांची दाढी वाढलेली मी कधी बघितली नव्हती. आत गेल्याबरोबर मी ग्रॅज्युएटाला शोभेल असं केलं, म्हणजे मधूनच सुरुवात केली. राउटर बंद करून चालू केला. नवी तार लावून बघितली. इंटरनेटवाल्याला फोन लावला, तो बिचारा तासाभरात आला, त्यानं आपला लॅपटॉप राउटरला जोडला आणि सगळं सुरळीत चाललं. तो गेला. मामा एवढा वेळ वही मांडीवर घेऊन बसले होते. मग म्हणाले, "ग्रॅज्वेट, झालं तुजं? आता पयल्या पायरीपासनं बगू."

हिरवा दिवा होता. टोकं नीट होती. चारही वळणं हातानं चाचपत आम्ही दोघं भिंतीच्या कडेनं चालत गेलो, देवघरामागं मामा क्षणभर थांबले आणि पुढं निघाले. तिसरी पायरी. मशीनला पत्ता नव्हता. का नव्हता, हे वहीत नव्हतं. गुरुवारपासून मामा इथंच येऊन अडत होते आणि परत पहिल्या पायरीवर जात होते. दोन दिवसांत त्यांनी या पाच पायऱ्या किती वेळा चढल्या-उतरल्या असतील देव जाणे. म्हणाले, "लय चाललो रे. सापडत न्हाई."

ते चहा ठेवायला गेले, तेव्हा मी मशीनची नोंद उघडली. मशीन काय काय झालं ते वेळेसकट लिहून ठेवतं, हे सांगितलंच आहे. गुरुवारी पहाटे पाच बत्तीसला जोडणी बंद करायचा हुकूम. हुकूम देणारे, मामा. त्यानंतर जोडायचा हुकूम नाही. पाच चाळीसला पुन्हा बंद करायचा. सहाला पुन्हा. बंद असलेली लाइन त्यांनी त्या सकाळी नऊ वेळा बंद केली होती. मी मागं मागं वाचत गेलो. आदल्या आठवड्यात एके दिवशी सातला दोन मिनिटं बाकी असताना जोडली होती. त्याच्या आदल्या महिन्यात एक तास लागला होता. त्याच्या आधी सगळं ठीक, साडेपाचला तोडली, पाच पस्तीसला जोडली, दिवसामागून दिवस.

तारेत काही नव्हतं. राउटरमध्ये काही नव्हतं. जोडणी आपणच बंद करून ठेवलीय का, हा प्रश्न मामांच्या पायऱ्यांमध्ये नव्हता, कारण तो प्रश्न वहीतला नव्हताच. तो आत्या विचारायची. मेमो घ्यायला कुणी उरलं नव्हतं आणि मामांनी तोडायचं मात्र सोडलं नव्हतं.

मी सरळ बोलणारा माणूस आहे. कारखान्यात साहेबालाही तोंडावर सांगतो. पण मामा चहाचे दोन कप घेऊन दारात आले आणि बिघाड कुटं निघाला असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं की मशीननं स्वतःच सेटिंग बदललं असणार, अपडेट येतात ना, त्यात होतं असं. मामांनी कप खाली ठेवले. "आपोआप?" म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा पुसला, खुर्चीत बसले, बोट पडद्याला लावलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.

मी त्यांना थांबवू शकलो असतो. पाय लागून वायर निघाली आणि मशीन बंद झालं असं काहीतरी करता आलं असतं. मी कपातला चहा बघत उभा राहिलो. बोट गुरुवारवर आलं तेव्हा त्यांचा वेग कमी झाला. एकेक हुकूम ते पुटपुटत मोजत होते. नऊ झाल्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवला.

"ही माजीच बोटं," ते म्हणाले. आणि पडद्यावरची नजर न काढता, "तू खोटं बोल्लास ग्रॅज्वेट. तुला येत न्हाई ते."

मी म्हटलं, होतं असं, मीसुद्धा विसरतो, गॅस चालू ठेवून कामाला गेलोय. त्यांनी ऐकलं असेल नसेल. त्यांनी कोरा कागद घेतला, त्यावर जोडल्याचा मेमो लिहिला, अक्षर अजून छापल्यासारखं, आणि माझ्यापुढं सरकवला. आमच्या घरात इंग्रजीत सही करणारा पहिला माणूस मी, आणि मला त्याची ऐट आहे. त्या कागदावर मी मराठीत सही केली. मग त्यांनी जोडणीचा हुकूम लिहिला. मशीनला पत्ता मिळाला, राउटरनं ओ दिली, बाहेरच्या जगानं ओ दिली. सगळं मिळून तीन सेकंद. मामांनी वहीत तारीख घातली, बिघाडाची जागा या रकान्यात काहीच लिहिलं नाही, आणि कारण या रकान्यात लिहिलं, 'माणूस'.

दुपारी मी विषय काढला. म्हटलं, ही पहाटेची पुसापुशी बंद करू, मशीन आपोआप जोडेल असं करून ठेवतो, पाच मिनिटांचं काम आहे, कुणाला कळणारही नाही. आतेभावाला सांगतो की राउटर गेला होता. मामा धरणाच्या भिंतीकडे बघत होते. तिथं धुकं उतरलं होतं, भिंत दिसत नव्हती, तरी बघत होते. ते म्हणाले की लाइनीवर असताना त्यांच्या हाताखालचा एक जण असाच जोडायला विसरला. मोठं काही झालं नाही, एक गाडी वीस मिनिटं उभी राहिली. पण मामांनीच रिपोर्ट दिला आणि त्याला लाइनीवरून काढून गोदामात बसवलं. तो रडला होता. "त्याला येक नेम आन् मला दुसरा?" एवढंच म्हणून ते उठले आणि तांदूळ निवडायला बसले.

मी त्या दिवशी तिथंच राहिलो. रविवारी पहाटे साडेपाचला ते तारेकडे गेले नाहीत. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, सातच्या आधीच खुर्चीत येऊन बसले. सातला आतेभावाचं तोंड दिसलं. त्याला आधी वडील दिसले आणि त्याचा चेहरा एकदम सैल झाला. त्यानं विचारलं, नेटचंच होतं ना? मी दाराआडून मान हलवून हो म्हणायची तयारी केली होती. मामांनी हातानं मला थांबायची खूण केली.

त्यांनी चपला घालण्यापासून सुरुवात केली नाही. पाच पायऱ्या सांगितल्या नाहीत. म्हणाले, "नेट ठीक हाय. मी इसरतोय. गाडी आन."

पलीकडून काही आवाज आला नाही. इतका वेळ आला नाही की मला वाटलं लाइन गेली. मी वाकून पडद्यात बघितलं. आतेभाऊ हातात कप धरून बसला होता, कप हलत नव्हता, तोही हलत नव्हता, नुसतं डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याच्या डोक्यावर मात्र पंखा सावकाश फिरत होता, म्हणजे लाइन चालू होती, आणि मामा त्याच्याकडे बघत तसेच ताठ बसून होते, त्याचं रडून होईपर्यंत.